समुद्राला वळसा घालून सतरावा होल

लिहितो लिहितो म्हणत चार महिने काढले, हे आधीच कबूल करतो. पेन होतं तेव्हा कागद नव्हते. कागद आणायला उल्हासनगरला गेलो तर तिथे एक जण जुना टेपरेकॉर्डर उघडून बसला होता, त्याच्याशी गप्पा मारण्यात दुपार गेली आणि कागद राहिले ते राहिलेच. आत्या येताजाता विचारते, "संज्या, मॉरिशसचं लिहिलंस का रे?" मी म्हणतो, डोक्यात आहे. ती म्हणते, "डोक्यात माझ्या पण बरंच आहे. कागदावर आण." तर आज आणतो. बारावीला दोनदा आपटलेल्या माणसाचं मराठी आहे, सांभाळून घ्या.

सगळं सुरू झालं सोफा-कम-बेडपासून. आमची विमल आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. लग्न केलेलं नाही. अंबरनाथला औषधांच्या कंपनीत पॅकिंगला सुपरवायझर आहे. तिने उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून सेलमध्ये सोफा घेतला आणि दुकानवाल्या सिंधी अंकलनी वर एक कूपन दिलं. पहिलं बक्षीस, मॉरिशस, एका जोडप्याला. असली कूपनं आम्ही गाद्यांखाली घालतो. पण ते लागलं.

लागल्यावर अंकलचाच चेहरा पडला. "मॅडम, ये तो कपल के लिए है."

"कपल म्हणजे किती जण?" आत्या.

"दो."

"मी एक. हा माझा भाचा, दोन. मोजा."

अंकलनी खरंच बोट करून मोजलं आणि खो खो हसत सुटले. "बरोबर है साईं. दो तो दो!"

घरी मात्र कुणी हसलं नाही. बाबा म्हणाले, तिकीट विकून टाक, एकट्या बाईला काय उपयोग. विहारातल्या एक काकू म्हणाल्या, "विमलताई, संज्याच्या लग्नापर्यंत ठेवा की." त्यात पॅकेजच्या कागदावर नाश्ता, होडी, समुद्राकाठी एक जेवण याच्याखाली छापलेलं होतं, अठरा होलचा गोल्फ, दोघांना, सामानासकट. ते वाचून बाबांनी हातच जोडले. "ते तेवढं तरी सोड. तो आपला खेळ नाही."

"छापलंय ना? मग खेळायचं. अठराच्या अठरा," आत्या म्हणाली. विषय संपला.

पासपोर्ट येईपर्यंत आम्ही सराव केला. बेलवलीच्या मित्राकडून हॉकीची काठी आणली, रबरी चेंडू घेतला आणि खरवईला भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात खड्डे खणले. आत्या साडी खोचून असा हात फिरवायची की चेंडू थेट बांधापार. म्हशी घेऊन निघालेले एक बाबा थांबले.

"काय हरवलं गो बाय?"

"काही नाही बाबा. खेळतोय. गोल्फ."

"मंग ह्यात जिंकतं कोन?"

"जो जास्त वेळा मारतो तो," आत्या ठामपणे म्हणाली. मीही मान हलवली. क्रिकेटमध्ये जास्त, विटीदांडूत जास्त, मग इथे वेगळं कशाला असेल? आम्ही रोज तसंच मोजायचो आणि रोज आत्या जिंकायची.

निघालो तेव्हा ट्रॅक्स गाडी भाड्याने केली. काटई नाका, शीळफाटा, ठाणे करत विमानतळ. सामान असेल तर हाच रस्ता बरा, फक्त मुंब्र्याच्या पुढे ट्रक अडवतात, म्हणून वेळ हाताशी ठेवा. व्हिसाची भानगड नाही, तिथे उतरल्यावर शिक्का मारतात. विमानात सहा-एक तास लागतात आणि जेवण बरं असतं. आत्याने तरीही बेसनाच्या वड्या घेतल्या होत्या, त्या शेजारच्या फ्रेंच म्हाताऱ्याला आवडल्या.

मॉरिशसला उतरलं की दोन्हीकडे ऊस. नुसता ऊस. आणि उसाच्या मधोमध काळ्या दगडांचे डोंगरच्या डोंगर रचलेले. मला वाटलं देवळं असतील. आमचा मिनीबसवाला मोडकी हिंदी बोलायचा. तो म्हणाला, ही जमीन ज्वालामुखीची, ऊस लावायला आपल्याच पणजोबांनी हे दगड हातांनी वेचून काढले. "अपना दादा-परदादा." आत्या तो ढीग मागे जाईपर्यंत मान वळवून बघत राहिली. 

जाणार असाल तर खाण्याचं सांगून ठेवतो. हॉटेलात कोल्ड्रिंक पिऊ नका, खिसा कापतात. नाक्यावर सायकलीवर काचेची पेटी लावून एक माणूस ढोल पुरी विकतो. डाळ भरलेली मऊ पोळी, आपल्या पुरणपोळीची तिखट बहीण म्हणा, आत वालाची उसळ आणि चटणी. दोन खाल्ल्या की दुपार निघते. मी तिथे एवढा रमलो की होडी चुकली. आत्याने दिवसभर तोंड पाहिलं नाही माझं.

तिसऱ्या दिवशी गोल्फ. काउंटरवरच्या मुलीने आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं. आत्या पंजाबी ड्रेस आणि पांढऱ्या कॅनव्हास बुटांत, मी कॉलरच्या शर्टात. (कॉलर पाहिजेच, टी-शर्टवाल्याला परत पाठवतात.) मुलगी गोड हसून म्हणाली, याच्या बदल्यात मसाज घ्या ना.

"नको," आत्या म्हणाली. "हे संपवून पाय दुखले तर बघू."

आता ते मैदान. मैदान तरी कसं म्हणू? अंबरनाथच्या शिवमंदिराच्या भिंती कशा काळ्या, खडबडीत आहेत, तसा काळा दगड समुद्रात बोटं पसरून शिरलेला, आणि त्या बोटांवर कुणीतरी हिरवी शाल टाकलेली. एका बाजूला लाट फुटते, तिचे थेंब हिरवळीवर पडतात. वारा असा की चेंडू उजवीकडे मारला तर डावीकडे बघायचं. आम्हाला पिशवीभर काठ्या आणि डझनभर चेंडू दिले. पहिल्या होलवर माझा चेंडू नारळाला लागून माझ्याच मागे आला. आत्याचा सरळ गेला, पण जमिनीलगत, ससा पळावा तसा.

तिसऱ्या होलपाशी बॅटरीच्या छोट्या गाडीतून मैदानाचे देखरेखवाले आले. पन्नाशीचे, उन्हाने रापलेले, छातीवर नावाची पट्टी, गोविंद भिवाजी. आमचं बोलणं ऐकून जागीच थांबले.

"आपण मराठी बोलता काय?" अगदी पुस्तकातलं मराठी. त्यांचे पणजोबा भिवाजी कोकणातून ऊस तोडायला आले, त्यांचंच नाव आडनाव झालं. हे संध्याकाळच्या बैठकीत, म्हणजे वस्तीतल्या शाळेत, मराठी वाचायला शिकले. आजवर बोलायला माणसं फार मिळाली नव्हती. मग विचारलं, "खेळ कसा चालला आहे?"

"उत्तम," आत्या म्हणाली. "या होलला मी चौदा, हा अकरा. मी पुढे आहे."

गोविंदराव गाडीतून खाली उतरले. मग त्यांनी हळुवार समजावलं की इथे कमी मारणारा जिंकतो.

आत्याने काठी टेकली. "म्हणजे ज्याला कमी खेळावं लागतं तो मोठा?"

"होय."

"हा खेळ साहेब लोकांनीच काढला असणार," ती म्हणाली, आणि पुढच्या होलला तेरा मारले.

आमच्या मागे एक टोपीवाले साहेब होते, दादरचे, बायकोसोबत. स्वतःच्या काठ्या घेऊन आलेले. त्यांचे हुंकार बराच वेळ ऐकू येत होते. शेवटी ओरडलेच, "अहो बाई, बीचवर जा ना! शंखशिंपले वेचा. लोक खोळंबलेत."

"मग जा की पुढे. मी काय रस्ता विकत घेतलाय?"

नियमही तोच निघाला. मागचा वेगात असेल तर त्याला वाट द्यायची. आम्ही दिली. साहेब पुढे गेले, पण जाताना क्लबात फोनवर तक्रार करून गेले. बाराव्या होलला गोविंदराव परत आले ते खाली मान घालून.

"बाई, वरून निरोप आहे. पुढचे होल समुद्रावरचे आहेत, फार कठीण. ते करून तुम्हाला काय उपयोग? गाडीत बसा, चहा घेऊ."

मला वाटलं आता आत्या ओरडणार. ती एका काळ्या दगडावर बसली, बुटातली वाळू झटकली.

"गोविंदराव, प्रमोशनच्या वेळी साहेब म्हणाले, एकट्या बाईला जास्तीच्या पगाराचा काय उपयोग. घराच्या वाटणीत भाऊ म्हणाला, तुला खोलीचा काय उपयोग. उपयोग नाही म्हणून माझ्या ताटातलं सगळ्यांनी उचललं, आणि मी उचलू दिलं. हे अठरा तेवढे माझ्या नावावर छापून आलेत. मला उपयोग नकोय. मला अठरा पाहिजेत."

भाऊ म्हणजे माझे बाबा. मी समुद्राकडे बघत राहिलो.

गोविंदरावांनी वायरलेसचा आवाज बारीक केला. "चेंडू आहेत तोवर खेळा," ते म्हणाले. "संपले की माझा इलाज नाही."

पिशवीत पाच उरले होते. चौदाव्याला एक झुडपात गेला, सोळाव्याला एक लाटेत. सतराव्याला पोहोचलो तेव्हा तीन होते.

सतरावा होल म्हणजे काय सांगू. आपण कड्यावर उभे, समोर समुद्र जमिनीच्या थेट पोटात शिरलेला, खाली पांढरा फेस, आणि पलीकडच्या कड्यावर, भोकात रोवलेला, वाऱ्यात वाकलेला, इवलासा झेंडा. चेंडू हवेतूनच पलीकडे गेला पाहिजे. टोपीवाले साहेब अजून तिथेच होते. त्यांचे एकामागून एक तीन चेंडू पाण्यात गेले आणि त्यांनी काठी आपटली. बायको म्हणाली, "अहो, राहू द्या ना हा." साहेब हा होल तसाच सोडून गाडीत बसून निघाले.

मी मारला. पाण्यात. आत्याने मारला. अर्ध्या वाटेवर वाऱ्याने धरला आणि खाली सोडला. एक उरला.

आत्या तो मुठीत धरून कितीतरी वेळ उभी होती. मग तिचं लक्ष साहेबांची गाडी गेली त्या वाटेकडे गेलं. कड्याच्या काठाकाठाने, समुद्राला वळसा घालत पलीकडे जाणारी सिमेंटची अरुंद वाट.

"गोविंदराव, चेंडू जमिनीवर मारला तर चालतो?"

"चालतो."

"ही वाट जमिनीतच मोडते ना?"

गोविंदरावांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "कुणी कधी विचारले नाही. पण... मोडते."

आत्याने सगळ्यांत बुटकी काठी घेतली आणि चेंडूला वाटेवर टिचकी मारावी तसा हलका टोला दिला. गडगडत दहा पावलं. परत एक. मी पुढे पळत होतो. वळणावर उतार होता, चेंडू सुटला आणि थेट कड्याकडे निघाला. मी पाय आडवा घालणार, तेवढ्यात मागून ओरड आली, "हात लावू नकोस! पाय पण नको!" मी जागच्या जागी थिजलो. चेंडू काठाशी वाळलेल्या नारळाच्या सोडणात अडकून थांबला. खाली लाट फुटली. आत्या आली, गुडघ्यावर बसली, आणि विटी कोलावी तसं त्याला हलकेच वाटेवर परत आणलं.

पलीकडे साहेब आणि त्यांची बायको गाडीतून उतरून बघत होते.  हिरवळीवर आत्याने आणखी चार मारले आणि चेंडू भोकात पडला. तो टक असा आवाज होतो ना, तो ऐकून साहेबांच्या बायकोने टाळ्या वाजवल्या. एकटीनेच, पण जोरात.

अठरावा सरळ होता. तोही त्याच चेंडूने झाला. गोविंदरावांनी कार्डावर सतराव्याचा आकडा लिहिला, तो चौकटीत मावेना, म्हणून बाहेर समासात लिहिला आणि खाली सही केली. म्हणाले, "एवढे आजवर कुणी खेळले नाही." आत्या खुलली. निघताना आपण सगळे म्हणतो तसं ती म्हणाली, "या कधी आमच्याकडे. अंबरनाथला कुणालाही विचारा, पॅकिंगवाल्या विमलताई." आपल्याकडे असं बोलावलं म्हणून कुणी येत नसतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

परत आल्यावर गोल्फ कुणाला सांगायचा? बाबांनी विचारलं, "जिंकलात का?" आत्या म्हणाली, "नाही. संपवला." पॅकिंगच्या बायकांना मात्र सतराव्याची गोष्ट पाठ झालीय. खरवईला नवीन बिल्डिंगा उठतायत, तिथे आत्याने वनरूम किचन बुक केलंय, स्वतःच्या एकटीच्या नावावर. बिल्डरनेही विचारलंच, एकट्या बाईला कशाला. तिने त्याला काय सांगितलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. माझ्यापुरतं म्हणाल तर, समोर समुद्र आला की मी आता आधी बाजूची वाट आहे का बघतो. मसाज राहिला, त्याची हळहळ आहे.

एवढं लिहितोय तर खाली रिक्षा थांबली. मला वाटलं गॅसवाला. खिडकीतून पाहिलं तर उन्हाने रापलेला एक माणूस, हातात पत्र्याची छोटी बॅग, चाळीतल्या पोरांना पुस्तकी मराठीत विचारतोय, "श्रीमती विमलताई कोठे राहतात?" आत्याने वाकून पाहिलं, मला म्हणाली चहा टाक, आणि मी उठायच्या आत स्वतःच जिना उतरायला लागली. समोरच्या काकूंनी दारातून डोकं काढलं. "कोण हो विमलताई? पाहुणे कुणाचे?"

"माझे," आत्या म्हणाली.