माझ्या गायरीतला भुंगा

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशी नाही, देवळात गाऱ्हाणं घालतानाही नाही. तुम्ही समोर आहात म्हणून सांगते — छे, तसंही नाही. आता पोटात ठेववत नाही, एवढंच.

मालवणजवळच्या आमच्या वाडीत झाडाला काही झालं की लोक माझ्याकडे येत. विषारी औषध मी कधी दारात आणलं नाही. मिरचीला निंबोळीचा अर्क, वांग्याला गोमूत्र, आणि सगळ्यांना माझ्या गायरीतलं, म्हणजे शेणाच्या खड्ड्यातलं, खत. त्या खड्ड्याचा केवढा तोरा होता मला! बचत गटातल्या बायकांना मुद्दाम नेऊन दाखवायची.

शेजारच्या प्रभाकाकीने नवरा गेल्यावर परसात माड लावले. पोरांसारखे वाढवले. ते एकेक करून सुकायला लागले, तेव्हा तिने मलाच बोलावलं. मी वाकून पाहिलं — झावळं कात्रीने कापल्यासारखं, कोंबाशी भोक, बाहेर चावलेला भुसा. गेंड्या भुंगा. शेंबड्या पोरालाही कळलं असतं. 'बघून सांगते' म्हणून घरी आले.

कारण हा भुंगा वाढतो कुठे? कुजत्या शेणात. आणि माझा खड्डा मी वर्षभर उपसला नव्हता — आळस, दुसरं काय? काठीने उकरलं तर अंगठ्याएवढ्या पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. खरं सांगू? मला काकीचे माड आठवले नाहीत. लोक काय म्हणतील, तेच आठवलं.

"माका काय कळणा नाय गो काकी," मी तिला म्हटलं. "भुंगो खंय दिसणा नाय."

मग ती देवळात गेली. गुरवाने कौलासाठी देवाला कळ्या लावल्या. घरच्याच माणसाची काही करणी आहे का, असं तिने विचारलं आणि उजवी कळी पडली. म्हणजे हो. घरचं माणूस एकच — दगडी गडग्यापलीकडची तिची धाकटी जाऊ, मंदा. मी तिथेच खांबाला टेकून उभी होते. तोंड उघडलं का? नाही.

दोघींची विहीर एक होती. काकीने मंदाची वाट काट्या टाकून बंद केली. मंदा माझ्या ओट्यावर बसून रडली, मी काय गो केलं म्हणून. मी तिला चहा दिला.

त्यानंतर गुपचूप खड्डा उपसला. अळ्या कोंबड्यांना घातल्या, एरंडीची पेंड मडक्यात भिजत ठेवली, भुंगे त्यात पडून मेले. काकीचे उरलेले माड सावरले. आणि काकी वाडीभर सांगत सुटली, "मंदाक तोडलंय, तेवा माजे माड जगले."

म्हणजे माझ्या साफसफाईनेच मंदा दोषी ठरली. कळतंय ना तुम्हाला?

पुढे काही वर्षांनी मंदा अंथरुणाला खिळली. काकीला एकदा बघायचंय, असा निरोप तिने धाडला — माझ्याच हाती. मी दिला. काकी येत नाही म्हणाली. तेव्हा तरी? दोघी जिवंत होत्या, मध्ये मी उभी होते. मी परत जाऊन मंदाला सांगितलं, काकीला बरं नाही. मंदा गेली, तेव्हा काकी तोंड बघायलाही आली नाही.

आता त्या माडांना नारळ धरलेत. पहिला नारळ काकीने देवाला ठेवला, दुसरा मला आणून दिला. मी घेतला. सोलला, फोडला, खोबरं वाटून माशाची कढी केली आणि जेवले.