तेमेनुगाची मुकी पंगत

आमच्या शेजारच्या तेमेनुगाने चव्वेचाळिसाव्या वर्षी बारावीच्या परीक्षेचा फॉर्म भरला, तेव्हा गावात सगळ्यात मोठ्यानं हसलो तो मी.

"अगं, तुझे गुडघे आता बाकात मावतील का?" मी कुंपणावरून विचारलं.

ती दोरीवर चादर टाकत होती. म्हणाली, "मिन्यो आजोबा, पेपर गुडघे लिहीत नाहीत."

आई अंथरुणाला खिळली म्हणून सोळाव्या वर्षी हिची शाळा सुटली. मग आई गेल्यावर एकोणीस वर्षं जिल्ह्याच्या इस्पितळात चादरी धुतल्या. चादरी धुता धुता हिला नर्स व्हायचं मनात आलं, आणि नर्सिंगच्या शाळेत शिरायला बारावी हवी. मागच्या वर्षी एकटीनं अभ्यास करून बसली नि नापास झाली. पुस्तक उघडलं की कोंबड्या ओरडायच्या, चुलीवरचं उतू जायचं, आणि दर अर्ध्या तासानं मी कुंपणावरून काहीतरी सांगायला यायचो. खरं सांगायचं तर कोंबड्यांपेक्षा मीच जास्त.

या वर्षी तिला फोनवर एक ग्रुप सापडला. नाव 'मुकं टेबल'. बारा जागा. रूसे शहरातली देयाना नावाची वकिलीची विद्यार्थिनी तो चालवते. बसताना प्रत्येकानं लिहायचं, आज काय करणार. मग कॅमेरा आपल्या वहीवर नि हातांवर लावायचा आणि पन्नास मिनिटं कुणी अवाक्षर काढायचं नाही. घंटा झाली की खरं खरं लिहायचं, काय झालं नि काय राहिलं. रविवारी अशा तीन बैठका. त्यातली एक जरी चुकली तरी जागा रांगेतल्या पुढच्याला. रांगेत चाळीस जण! गप्प बसायला माणसं रांग लावतात हे मला पटेना. आमच्या शाळेत गप्प बसवायला मास्तरांना दर आठवड्याला नवी छडी तोडावी लागायची, आणि ती तोडून आणायला ते मलाच पाठवायचे.

पण तेमेनुगा बसायला लागली आणि तिची वही भरायला लागली. परीक्षा पाच आठवड्यांवर आली, तेवढ्यात ईस्टरच्या आधीचा फुलांचा रविवार उजाडला.

त्या दिवशी ज्याचं नाव फुलाचं, त्याचा नावदिवस, म्हणजे नावाचा वाढदिवसच. तेमेनुगा म्हणजे रानातलं ते जांभळं फूल. नावदिवसाला कुणी कुणाला बोलवत नाही. फाटकावर वाळुंजाची डहाळी दिसली की माणसं आपली आत शिरतात. तिच्या फाटकावर डहाळी नव्हती. मला वाटलं, विधवा बाई, विसरली असेल बिचारी. नदीवर गेलो, चांगली हातभर डहाळी तोडली आणि लावून टाकली.

दुपारी बारा वाजता तळलेले मासे, लोणची नि राकियाच्या, म्हणजे आमच्या फळांच्या दारूच्या, दोन बाटल्या घेऊन आम्ही नऊ जण दारात.

दार उघडून ती आधी डहाळीकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. "ही तुम्ही लावलीत?"

"लावली. आभार नंतर मान."

"आभार! आजोबा, मी मुद्दामच लावायची टाळली होती. सात मिनिटांनी माझी तिसरी बैठक आहे."

स्तामात खाटीक म्हणाला, "मग बंद कर की फोन. सणासुदीचं कसलं बसतेस!"

"जागा गेली की परीक्षा गेली, स्तामात दादा. एकटीनं मला जमत नाही, मागच्या वर्षी सगळ्या गावानं बघितलंय."

आम्ही टोप्या चाचपत मागे वळलो. तशी ती म्हणाली, "थांबा. नावदिवसाला आलेलं माणूस या घरातून उपाशी गेलेलं नाही. बसा. खा, प्या. पण पन्नास मिनिटांत घासाखेरीज कुणाचं तोंड उघडलं, तर पुढच्या वर्षी तो फाटकाबाहेर जेवेल."

मग तिनं फोनवर लिहिलं, "हृदयाची आकृती, पुस्तक न बघता. चारही झडपांची नावं. घरात नऊ पाहुणे आहेत, गप्प बसतील."

देयानाचं उत्तर आलं, "मावशी, त्यांना जमेल?"

"जमवतील."

काय सांगू तुम्हाला ती पंगत! टेबलाच्या एका टोकाला तिची वही, उरलेल्या टेबलावर आम्ही. काटा लागला तरी खोकायची चोरी. पेले उचलायचे, पण एकमेकांना लावायचे नाहीत. मासा बघून मला एक गोष्ट आठवली, ती सात वेळा घशापर्यंत आली नि सात वेळा मी ती राकियाबरोबर गिळली. माझी म्हातारी माझ्याकडे असं बघत होती, जणू लग्नाच्या दिवसानंतर आजच मी तिला आवडलो.

तेमेनुगानं हृदय काढलं, तीन झडपा लिहिल्या आणि चौथीला अडकली. स्तामातनं जन्मभर डुकरं कापलेली, हृदय त्याला खिशासारखं माहीत. तो लालबुंद झाला. शेवटी न राहवून त्यानं बोट आकृतीकडे नेलं. तिनं मान वर न करता पेनाच्या मागच्या टोकानं ते बोट बाजूला सारलं. मग काही लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. घंटा वाजली.

तिनं पुस्तक उघडून ताडून बघितलं आणि फोनवर टाकलं, "आकृती झाली. तीन झडपा बरोबर, चौथी चूक."

मी म्हटलं, "चारही बरोबर लिहायचंस की! कोण बघायला येतंय?"

"उद्या पेशंटच्या छातीत तीनच मोजू का, आजोबा?"

देयानानं लिहिलं, "जागा तुमचीच, मावशी. पण ते जाडं बोट कुणाचं होतं?"

आणि मग घर जे फुटलं! नऊ माणसांचं पन्नास मिनिटांचं तुंबलेलं बोलणं एकदम बाहेर आलं.

ईस्टरच्या सणाला स्तामात कागदात गुंडाळून कोकराचं हृदय घेऊन आला. फळीवर उभं चिरलं नि म्हणाला, "ही बघ तुझी चौथी. आता विसरून दाखव!" तेमेनुगानं फोन वर धरला. ग्रुपवरच्या अकरा जणांतल्या दहा जणांनी डोळे भरून बघितलं, एकानं कॅमेरा बंद केला.

मे महिन्यात ती पास झाली, सहापैकी साडेचार. निकालाच्या दिवशी 'मुक्या टेबला'वरची आपली जागा तिनं स्वतःहून रांगेतल्या पुढच्याला सोडली.

आता ती नर्सिंगच्या शाळेत जाते. शनिवारी घरी येते तेव्हा माझ्या दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजते.

"आजोबा, गप्प. बोललात की आकडा चढतो."

"किती वेळ?"

"दोन मिनिटं. तुम्ही तर पन्नास काढलीयत."

मी गप्प बसतो. पट्टा आवळतो, सुटतो. आकडा वाईट आला की मी तिच्याकडे जरा आशेनं बघतो. ती जो दिसला तोच वहीत लिहिते.