आटू न दिलेलं दूध

"तुझी अक्का गेली," मैंदर्गीहून थोरल्या दिरांचा फोन आला, तेव्हा मी जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होते. उरलेले कपडे दोरीवर टाकले आणि तिथंच खाली बसले. रडू लगेच आलं नाही. महिना होत आला, तरी अंगातला तो थकवा काही जात नाही...

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. जिभेनं तिखट. त्यांच्या हातची भाकरी खायची तर सोबत दोन टोमणेही गिळावे लागत. त्यांना एकच मुलगा झाला आणि तो बारशाआधीच गेला. मला आई नाही, म्हणून माझं बाळंतपण मैंदर्गीला सासरीच झालं. तेव्हा सासूबाईंनी अक्कांना बाळंतिणीच्या खोलीत येऊ दिलं नाही. जिचं मूल गेलं तिची सावली पडली की दूध आटतं, म्हणे. अक्का अळीवाची खीर करायच्या आणि वाटी उंबऱ्याबाहेर ठेवून जायच्या.

तरी दूध आटत चाललंच. पोट सुटू नये म्हणून रीतीप्रमाणे मला पाणी घोटभरच मिळायचं. माझी लेक गौरी रडली की सासूबाई बाटली लावायच्या, मला जरा झोप मिळावी म्हणून. बाटलीनं पोट भरलेलं बाळ अंगावर ओढेना, आणि ओढेना म्हणून दूध येईना. डॉक्टरीणबाई सांगत होत्या, सारखं पाजा, पाणी भरपूर प्या. पण घरात ऐकतं कोण? माझ्यात तर भांडायचंही त्राण नव्हतं.

एका दुपारी अक्का उंबरा ओलांडून सरळ आत आल्या. पाण्याचा पेला माझ्या तोंडाला लावला आणि गौरीला माझ्या कुशीत दिलं. सासूबाई दारातून बोलायला लागल्या.

"माझं लेकरू गेल्यावर फडक्यानं छाती बांधून दूध आटवलं तुमी," अक्का म्हणाल्या. "हिचं आटू दिनार न्हाय मी."

सासूबाई दारातून मागं फिरल्या. त्यानंतर अक्का माझ्याजवळच राहिल्या. बाळ चुळबुळलं की पाजायला लावायच्या. मी वैतागायचे, रडायचे. रड, पण पाज, म्हणायच्या. डॉक्टरीणबाई गौरीचं वजन बघतच होत्या. ते भरत गेलं तशी बाटली सुटली. सासूबाईंनी मात्र कधी बरं म्हटलं नाही.

आमच्यात माती दिल्यावर तिसऱ्या दिवशी त्या जागी दूध-तूप घालतात. पहिला मान पोटच्या मुलाचा. अक्कांसाठी ते कोणी घालायचं, यावर भावकीत कुजबुज सुरू झाली. सासूबाई काठी टेकत पुढं आल्या आणि दुधाची चरवी त्यांनी आता मोठ्या झालेल्या गौरीच्या हातात दिली.

"हिनंच घालायचं," त्या म्हणाल्या. "पोरगी हाय तिची."

गौरीनं दूध घातलं. कोरड्या मातीत ते लगेच मुरलं. चरवी रिकामी झाली, तरी सासूबाई म्हणतच होत्या, "आनखी घाल... आनखी घाल तिला."