फाईल उघडते, पण गोरं करणार नाही

आखाडा बाळापूरच्या बाजारपेठेत सुकन्या पोलेचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नसराईत तिच्या गळ्यात दोन कॅमेरे असतात. गर्दी, पंगत आणि वरातीसाठी साधा, नवरीसाठी दुसरा. हा दुसरा जुना आणि जड आहे. एकेक फोटो साठवायला तो इतका वेळ घेतो की करवल्या विचारतात, "बंद पडला काय वं ताई?" अंधारात त्याचा काही उपयोग नाही. दिवसाउजेडी मात्र तो जे टिपतो ते तालुक्यातल्या इतर कॅमेऱ्यांना जमत नाही.

बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर लाल, हिरव्या आणि निळ्या चौकटींची जाळी असते. प्रत्येक ठिपका एकच रंग टिपतो आणि उरलेले दोन शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरले जातात. सुकन्याच्या कॅमेऱ्यात तीन थर एकाखाली एक आहेत, त्यामुळे प्रत्येक ठिपका तिन्ही रंग स्वतः टिपतो. शालूची जर धाग्याधाग्याने दिसते आणि कातडीचा रंग कातडीसारखा येतो. अडचण एकच होती. या कॅमेऱ्याची रॉ फाईल, म्हणजे फोटो तयार होण्याआधीची कच्ची नोंद, कंपनीच्या स्वतःच्या संथ सॉफ्टवेअरशिवाय कशातच उघडत नसे.

सुकन्याला ती अडचण हवीच होती. या भागात फोटोग्राफर मेमरी कार्ड अल्बम करणाऱ्याकडे देऊन मोकळा होतो. अल्बमवाला सगळ्या फाईली सॉफ्टवेअरमध्ये ओततो आणि सर्वांत आधी नवरी गोरी करतो. त्यासाठी तयार सेटिंग असतं, कोणाला विचारावं लागत नाही. हिंगोलीचा सोमेश्वर सुकन्याचे अल्बम करी, पण तिच्यासाठी तो फक्त पानांची मांडणी करून मोकळ्या चौकटी पाठवी. नवरीचे फोटो ती स्वतः तयार करून त्यांत बसवी. गोरं करा म्हणणाऱ्यांना तिचं उत्तर ठरलेलं असे. "ह्या कॅमेऱ्याची फाईल त्या सॉफ्टवेअरमधी उघडत न्हाई." यंत्राला जमत नाही म्हटल्यावर कोणी वाद घालत नसे. खरं तर कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्येही चेहरा उजळता येत होता. ते ती कोणाला सांगत नसे.

या हट्टामागे एक जुना प्रसंग आहे. तिचे वडील मल्हारी पोले मेंढरं राखतात, आणि सुकन्या त्यांच्यामागे उन्हात हिंडतच मोठी झाली. लग्नासाठी स्थळांना पाठवायचा तिचा फोटो गावातल्या दुकानाने दुधासारखा पांढरा करून दिला. पाहुणे आले. तिच्याकडे पाहून मल्हारींना म्हणाले, "ही व्हय? फोटूतली कुठाय?"

सुकन्या चहाचा ट्रे घेऊन उभी होती. ती म्हणाली, "फोटूतली दुकानात बसलीय. तिलाच करून घ्या."

स्थळ गेलं आणि किस्सा गावभर झाला. पुढे तिचं लग्न झालं ते स्वतः काढलेला फोटो पाठवून.

दोन वर्षांपूर्वी नव्या संगणकावर कंपनीचं ते सॉफ्टवेअर चालेना. कंपनीनेही त्यातून लक्ष काढून घेतलं होतं. फुकट वापरायचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या परदेशातल्या एका गटाने, या फाईली आपल्या सॉफ्टवेअरमध्ये उघडाव्यात म्हणून, असा कॅमेरा असणाऱ्यांकडे नमुन्याच्या फाईली मागितल्या होत्या. त्यांना कडक ऊन, दाट सावली, पांढरं आणि काळं असं सगळं हवं होतं. सुकन्या सरळ माळावर गेली. वडिलांची काळी मेंढरं आणि त्यांचं पांढरं धोतर तिने भर उन्हात टिपलं.

"माणसं संपली काय फोटूला?" मल्हारींनी विचारलं.

"माणसं हलतेत, आबा."

"अन् मेंढरं काय समाधी लावून बसतेत?"

काही महिन्यांनी गटाचं उत्तर आलं. फाईल त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडू लागली होती, आणि मेंढ्यांची जात कोणती, असंही विचारलं होतं. तिचे फोटो पुन्हा निघू लागले, तेही आधीपेक्षा वेगाने. मात्र ही फाईल वाचायची रीत सगळ्यांना खुली होती. पुढच्या वर्षी ती सोमेश्वरच्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीतही आली. हे होईल असं सुकन्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

सोमेश्वर लॅपटॉप घेऊन बाळापूरला आला तेव्हा पुनमचा अल्बम व्हायचा होता. पुनम ही शेजारच्या गावच्या उत्तमरावांची मोठी मुलगी. उत्तमरावांची जमीन मोठी आणि भावकीही. त्या भावकीतली लग्नं म्हणजे सुकन्याचा निम्मा हंगाम.

"ताई, तुमची नवरी आली माझ्या ताब्यात," सोमेश्वर हसत म्हणाला. मागच्या लग्नाची एक फाईल त्याच्या पडद्यावर उघडी होती. सुकन्या हसली नाही, तसा त्याने आवाज खाली आणला. "मी कुणाला सांगून राहिलो व्हय? उत्तमरावकाकाला म्हणा, न्हाई उघडत. त्यांच्या लेखी फाईल म्हंजे तहसीलातली."

"तू न्हाई सांगितलं तर उद्या नांदेडचा कुणी अल्बमवाला सांगल. कितींदा खोटं बोलू?"

"आजवर बोलतच होता की."

"तेच बंद करायचं हाय."

उत्तमराव आले तेव्हा सोमेश्वर अजून दुकानातच होता.

"पोरीला थोडी उजळ कर म्हणलं व्हतं," ते बसता बसता म्हणाले. "पर तुझ्या मशिनीला येत न्हाई म्हणं."

"येतंय आता, काका. फाईल उघडती. मीच करणार न्हाई."

"काहून?"

"पुनमचा रंग हाय त्यो. डाग न्हाई."

"धाकट्या प्रियंकाचं जमवायचं हाय अजून. येणारे-जाणारे मोठीचा अल्बम बघणार. अन् माझ्या लेकीचा रंग तू ठरवणार?"

"म्या कुठं ठरवला? तुमच्या घरचाच हाय. आरशात बघा की."

सोमेश्वरला खोकला आला. उत्तमरावांनी त्याच्याकडे पाहिलं आणि खिशातून फोन काढला. पुनमला लावला आणि आवाज मोठा केला. सुकन्याला वाटलं होतं, पुनम आपल्या बाजूने बोलेल.

"थोडं करा की ताई," पलीकडून पुनम म्हणाली. "इकडं जावांचे अल्बम लई गोरे हायेत."

सुकन्या म्हणाली, "फोटो तुझे हायेत, पुनम. तू म्हणतीस तर फाईली सोमेश्वरला देते, त्यो करील. माझ्या हातानं व्हणार न्हाई. अन् माझ्या दुकानाचं नाव त्या अल्बमवर येणार न्हाई."

"नावाचं काय घेऊन बसलीस?" उत्तमराव उठले. "प्रियंकाच्या लग्नाला मंग तुझी गरज न्हाई आमाला."

"बरं."

"भावकीतलं बी कुणी येणार न्हाई."

"नगं येऊ द्या."

तिने फाईली सोमेश्वरच्या लॅपटॉपवर चढवून दिल्या आणि दुकानाचं नाव काढलं की नाही, ते त्याला पुन्हा विचारलं.

अल्बम तयार होऊन उत्तमरावांच्या घरी गेला. त्यानंतर एका बाजाराच्या दिवशी त्यांच्या पत्नी सुमनबाई तो जड अल्बम पिशवीत घालून एकट्याच दुकानात आल्या. त्यांनी हळदीचं पान उघडून टेबलावर ठेवलं.

"हे बघ. लेकीची हळद कुठं गेली?"

गोरं करणाऱ्या सेटिंगच्या लेखी कातडीवरचा पिवळेपणा हा दोष असतो. त्याने तो पुसला होता. पुनमचं कपाळ, गाल, दंड, मामी-मावश्यांचे तळवे, सगळं फिकट पडलं होतं. वाटीत हळदीऐवजी भिजवलेलं पीठ असावं, तसं दिसत होतं.

"कणकेनं न्हाऊ घातलं काय आमी नवरीला?" सुमनबाई म्हणाल्या. "पावणी बाई हसली माझ्यासमोर. तुझ्याकडं खरी हळद हाय ना? तेवढी दोन पानं दे. ह्याच्यात बसवून घेते."

"दोन पानं न्हाई देणार, काकू."

"आता काय झालं?"

"हळदीला सावळी अन् वरमाळंला गोरी, अशी पोरगी असती व्हय? दिला तर अख्खा अल्बम. न्हाईतर काहीच न्हाई."

"लई जिद्दी हाईस."

"हाय."

सुमनबाई बराच वेळ संगणकावर मुलीचे फोटो बघत बसल्या. एका फोटोत पुनम हळदीने माखलेल्या हाताने धाकट्या बहिणीला ढकलत होती. तो त्यांनी पुन्हा दाखवायला लावला. उठताना म्हणाल्या, "अख्खा कर. ह्यांचं मी बघते."

आज त्या घरात पुनमच्या लग्नाचे दोन अल्बम आहेत. गोरा बैठकीत, पाहुण्यांसाठी. दुसरा सुमनबाईंच्या कपाटात, साड्यांखाली. पुनमने तो पाहिला की नाही, हे सुकन्याला माहीत नाही. तिने विचारलेलं नाही. प्रियंकाच्या लग्नाचे फोटो नांदेडच्या लोकांनी काढले. भावकीनेही उत्तमरावांचा शब्द पाळला, आणि यंदाच्या हंगामात सुकन्याच्या हाती निम्मीच लग्नं आली. शाळांच्या ओळखपत्रांचे फोटो ती पूर्वी नाकारत असे, आता घेते.

बोलणं मात्र तिने पुढे आणलं आहे. पूर्वी नकार अल्बमच्या वेळी यायचा आणि तोही यंत्राच्या नावाने. आता तारीख ठरवायच्या आधीच ती स्वतःच्या नावाने सांगते. परवा एका नवरीचे मामा आले होते.

"फाईल-बिईल उघडती ना तुमची? म्हंजे मंग सगळं करता येतंय."

"उघडती. करता बी येतंय. मी करत न्हाई. तारीख लिहू?"

मामांनी भिंतीवरच्या फोटोंवरून नजर फिरवली. "घरी विचारून येतो."

"विचारून या," सुकन्या म्हणाली. "उद्या बी हेच सांगीन."