फादरनी वाचलेली सायकल

माझा नवरा फेलिक्स पाववाला. मालवणात त्याच्या हातचे उंडे पाव खाल्ले नाहीत असं घर विरळा. पण माणूस असा चिकित्सक की देवा, सोडव! साधा मिक्सर घ्यायचा तर सगळी दुकानं पालथी घालील आणि हात हलवत परत येईल. मी म्हणायचे, "मेल्या, माका पसंत करताना खंय गेल्ली ही अक्कल?" तो नुसता हसायचा.

यंदा मात्र हसू आटलं. आमची सेलिना सायकल शर्यतीत उतरते. पुढल्या रविवारी पुण्यात राज्याच्या संघाची निवड, आणि ज्युनिअर गटातलं तिचं हे शेवटचं वर्ष. धामापूरच्या उतारावर सराव करताना तिच्या सायकलचा सांगाडाच तडकला. पोरगी बुटकी, तिच्या मापाची उसनी मागायची तरी कुणाकडे? शेवटी मडगावात एक मिळाली. वापरलेली, इटलीची, नाव मोंतेल्वा. हे नाव कुण्णी ऐकलेलं नाही! विकणारा म्हणाला, "संध्याकाळपर्यंत सांगा, दुसरं गिऱ्हाईक उभं आहे."

फेलिक्स मोबाईल घेऊन बसला. त्या सायकलीबद्दल लोकांनी लिहिलेलं सापडेल ते सगळं इटालियनमध्ये. मोबाईलने त्याचं केलेलं मराठी म्हणजे ना शेंडा ना बुडखा. मग तो चर्चमध्ये धावला. आमचे फादर रोममध्ये शिकून आलेले. त्यांची इटालियन देवाधर्माची. चेन-गिअरचं त्यांना काय ठाऊक! तरी चष्मा लावून वाचू लागले. आधी नुसतं कौतुक. फेलिक्सचा चेहरा उजळला. मग फादर थांबले.

"फेलिक्स, पुढचं चाक धरतो तो चिमटा. जोरात ब्रेक लावला की मोडतो म्हणतात. बऱ्याच जणांनी लिहिलंय. एकाचा मुलगा..." फादरनी छातीवर क्रुसाची खूण केली.

"मडगावातली ज्या सालची आसा, त्याच सालच्या सायकलींचा काय ता? नीट बघा ना, फादर! खंयतरी बरां लिवलेलां आसात!"

फादरनी पुन्हा वाचलं. साल तेच होतं. नवा चिमटा इटलीहून येईपर्यंत निवड होऊन गेली असती.

फेलिक्स घरी आला. त्याने सेलिनाला सगळं सांगितलं. तिने त्याचे दोन्ही हात धरले.

"पप्पा, माका तीच व्हयी. मी ब्रेकच लावचंय नाय. जेजूची आण!"

फेलिक्सने तिच्यासमोरच मडगावला फोन लावून नको म्हणून सांगितलं. वर ओरडला, "आणि दुसऱ्या कोणाकय देव नका, चिमटो मोडतलो!" पलीकडच्याने फोन कापला.

सेलिना रडली नाही. म्हणाली, "तू कित्याक वाचून घेतलंस, पप्पा? वाचलंस नसतंस तर मी पुण्याक गेलंय असतंय."

दुसऱ्या दिवशी आमची भट्टी पेटली नाही. गिऱ्हाइकं हाका मारून मारून परत गेली. फेलिक्स तिच्या बंद दाराला कपाळ टेकून बसला होता. "सेलिना गो, बाय माझ्या, एकदा माका गाळी तरी घाल," म्हणत होता.