उलटवलेल्या विटा

कुडाळहून सकाळच्या एस.टी.ने निघालो तेव्हा आईने एवढंच सांगितलं, "तेंची बोटा आसत काय, ती बघून ये."

वडील जाऊन दोन महिने झाले होते. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यात खाडीकाठच्या एका गावी विटांचं चर्च उभं राहिलं, त्याच्या विटा माझ्या कुंभार आजोबांनी भाजल्या. आठ वर्षांच्या वडिलांनी एका ओल्या विटेच्या टोकाला चार बोटं दाबली. ती वीट दाराच्या डाव्या अंगाला, कमरेच्या उंचीवर बसली. शाळामास्तर झाल्यावरही ते हे सांगत.

होडीतून खाडी ओलांडताना चर्च दिसलं. सारं गाव जांभ्या चिऱ्याचं, मध्येच ही विटांची इमारत. टोकदार कमानी, भिंतींना बाहेरून जाड टेकू, एका ओळीत विटांची लांब बाजू बाहेर, पुढच्या ओळीत टोकं. डागडुजी नुकतीच झालेली. विटा इतक्या कोऱ्या, की चुकीच्या गावी उतरलो असं वाटलं. दाराच्या डावीकडे वाकून सगळी टोकं चाचपली. ठसा कुठेच नव्हता.

पायरीवर एक म्हातारा गवंडी पेज जेवत होता.

"काय सांडला काय तुमचा?"

मी सांगितलं. तो ओशाळला.

"खारान विटांची तोंडा खाल्ल्यान हुती. चर्चवाले टाकून द्या म्हणाले. भाजलेली वीट कोण टाकता? जुनो चिरो आमी फिरवन लावताव, तश्योच ह्यो फिरवल्यो. बरी बाजू भायर, खाल्लेली भित्तर."

"बोटं दिसली होती?"

"चार-पाच विटांर हुती. सगळी पोरांचीच. व्हया तर एक काढून दाखवतंय. खंयची काढू?"

मी भिंतीकडे पाहत राहिलो. कुठली, ते मला सांगता येईना. भट्टीवर वडिलांची भावंडंही असत, हे आजवर सुचलंच नव्हतं. ठसा सापडला असता तरी तो वडिलांचाच हे कशावरून?

"राहू दे," म्हणालो. त्याने पेजेचा वाडगा पुढे केला. तिथेच बसून जेवलो.

घरी पोचलो तेव्हा आई ओटीवर होती. बोटं दिसली नाहीत, ती आता भिंतीच्या आतल्या बाजूला आहेत, असं जमेल तसं सांगितलं. भावंडांचं सांगितलं नाही. का नाही, ते कळत नाही.

तिने मला बसायला पाट सरकवला.

"बरा झाला," म्हणाली. "आता तेंका पावस लागूचो नाय."