शिंपलगावची सपाट घरं

लग्नाला वर्ष होत आलं आणि नवऱ्याला जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी लागली, ती थेट कोकणात. आमच्या टेंभुर्णीहून निघालं की एक रात्र आणि वर अर्धा दिवस प्रवासात जातो. समुद्राकाठचं गाव, दोन शिक्षकांची शाळा. "तीन वर्षांत बदली करून येतो," असं सांगून तो गेला, त्याला आता नऊ वर्षं झाली. मी इथल्याच शाळेत चित्रकला शिकवते आणि सासूबाईंचे गुडघेही इथंच आहेत, त्यामुळे माझं तिकडं जाणं दर वर्षी पुढच्या वर्षावर जायचं.

मधल्या काळात मुलगी झाली, चालायला-बोलायला लागली. दिवाळीला बाप दारात आला की ती आत पळत येऊन मला सांगायची, "आई, पाहुणे आले." पहिल्यांदा आम्ही सगळे हसलो. पुढच्या दिवाळीला तो हसला नाही. पायातले बूट काढत खाली बघत राहिला, आणि मी फोडणीच्या निमित्तानं डोळे पुसून घेतले. फोनवर तर ती दोन शब्द बोलून माझ्याकडं फोन द्यायची. वर कारण सांगायची, "रेंज न्हाई."

एका बालमासिकात मी दर महिन्याला दोन पानांची चित्रकथा काढत होतेच. त्यातले ससे, कोल्हे मी एका अंकात गुंडाळले आणि शिंपलगाव वसवलं. समुद्र, होड्या, आणि खांद्याला पिशवी लावलेले उंच, काटकुळे गुरुजी. गुरुजी सकाळी उठून काय करतात, कुणाची होडी ढकलतात, कुठल्या पोराला घरून उचलून शाळेत आणतात, एवढंच त्यात असायचं. माझ्या पोरीला तिचा बाप दिवसभर काय करतो हे दिसावं, म्हणून हा उद्योग. बाकीच्या वाचकांची मला फारशी काळजी नव्हती. हे संपादकांना कळलं असतं तर त्यांनी दुसरं कुणी बघितलं असतं.

समुद्र मी तोवर पाहिलेला नव्हता. रोज संध्याकाळी फोनवर नवऱ्याची उलटतपासणी घ्यायची. होडीला रंग कोणता, जाळी कुठं वाळवतात, शाळेतून पाणी दिसतं का. पानं तयार झाली की फोटो पाठवायचे. उत्तर ठरलेलं, "एकदम बराबर हाय." पाच वर्षांत त्यानं माझ्या एका रेघेतही चूक काढली नाही. मला वाटायचं, आपला हात बसला आता.

अंक आला की मुलगी पालथी पडून वाचायची. गुरुजी तिला फार आवडायचे. मैत्रिणींना त्यांच्या गोष्टी सांगायची, पिशवीत काय काय असतं तेही सांगायची. आणि मे महिन्यात खरे गुरुजी घरी आले की माझ्या पाठीमागं लपायची. इतकी पानं रंगवून मी तिला एक आवडता माणूस मिळवून दिला होता, पण तो तिचा बाप नव्हता. हे फार लागायचं मला.

यंदा बदल्यांची यादी लागली, त्यात पुन्हा नाव नव्हतं. मला असा राग आला की सासूबाईंना नणंदेकडं सोडलं, रजा टाकली आणि पोरीला घेऊन बसमध्ये बसले.

पोहोचलो तेव्हा शनिवारची सकाळची शाळा चालू होती. वर्गात शिरले तर एक अख्खी भिंत शिंपलगावानं भरलेली. पाच वर्षांची सगळी पानं, क्रमानं चिकटवलेली. एका मुलीनं माझ्या लेकीचा हात धरून तिला भिंतीपाशी नेलं. "हे बघ, तुमचं गाव."

मी मास्तरणीच्या आवाजात म्हणाले, "आमचं नाही बाळा, हे तुमचं गाव."

वर्ग हसायला लागला. "आमच्याकडे कुठे अशी घरं असतात?" ती म्हणाली. "सगळी सपाट. पावसात किती गळतील."

मी भिंतीकडं नीट बघितलं. घरांवर उन्हात तापलेले पत्रे, ते वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वर ठेवलेले दगड. गच्चीवर कुरडया. आमच्याच चौकातलं लिंबाचं झाड, विहारापुढचा कट्टा, निळं निशाण. होड्यासुद्धा मी बैलांसारख्या खुंट्याला बांधल्या होत्या. खिडकीबाहेर मात्र उतरती कौलं आणि माडांची गर्दी होती. शाळा सुटल्यावर किनाऱ्यावर गेलो, तर पाणी दूर कुठंतरी मागं गेलेलं आणि होड्या चिखलात कलंडलेल्या. माझा समुद्र पाझर तलावासारखा पाच वर्षं एकाच रेघेवर उभा होता. भरती-ओहोटी मी शाळेत पाठ केली होती, मार्कही मिळाले होते. चित्र काढताना ती एकदाही आठवली नाही.

खोलीवर आल्यावर मी नवऱ्याला धारेवर धरलं. "पाच वर्षं मला येड्यात काढत व्हता का तुम्ही? एकदा तरी सांगायचं होतं, चुकलं म्हणून."

तो भात वाढत होता. "सांगितलं असतं तर तू लगेच नीट केलं असतंस," तो म्हणाला.

"मंग? नीट करायचं न्हाई का?"

मुलीच्या ताटात त्यानं आमटी वाढली. ती एकदा त्याच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत जेवत होती. मी मात्र रागातच होते, आणि उरलेले दोन दिवस वही घेऊन गावभर फिरले. कौलांचा उतार, होड्यांचे आकार, जेट्टीच्या पायऱ्या, सगळं उतरवून घेतलं.

घरी आल्यावर पुढच्या अंकाचं पान काढायला बसले. पहिल्याच चौकटीत उतरतं छप्पर काढलं आणि कौलं भरायला लागले. चित्र छान उतरत होतं, मी खूश होते. मुलगी शेजारी उभी राहून बघत होती. तिनं माझ्या हातावर हात ठेवला.

"कौलं नको ना काढू, आई," ती म्हणाली. "पप्पाला आपलं घर सापडायचं न्हाई."

ती खोडरबर घेऊन आली. छप्पर आम्ही दोघींनी मिळून खोडलं.